मुलांची चिंता आणि आनापानसती



आपल्या घरांत शिक्षण हे केवळ उपजीविकेचे साधन नाही. त्यामागे आपल्या मुक्तीचा इतिहास उभा आहे. म्हणूनच परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाचे पोट दुखू लागते, तेव्हा त्याच्या मनावर अभ्यासाबरोबर तीन पिढ्यांच्या अपेक्षांचेही ओझे असते. ‘बाबासाहेब किती तास वाचीत असत!’ असे आपण प्रेरणा देण्यासाठी म्हणतो. भ्यालेल्या मुलाला तो ठपका वाटतो.

चिंता म्हणजे दुबळेपणा नव्हे. संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीराला सज्ज करतो. अॅड्रिनलिन स्रवते, हृदय धडधडते, श्वास उथळ होतो, पोटात कालवाकालव होते. हे आठ वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येते. ते समजले, की ‘मला काहीतरी भयंकर झाले आहे’ ही दुसरी भीती पुष्कळशी ओसरते.

मज्झिम निकायातील आनापानसति सुत्तात श्वास कोंडून धरण्यास सांगितलेले नाही. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ, आखूड असेल तर आखूड, असे जाणण्यास सांगितले आहे. लहान मुलाला उताणे निजवून पोटावर खेळणे ठेवावे आणि ते वरखाली होताना पाहू द्यावे. मोठ्या मुलाने पाच श्वास मोजावेत. श्वास सावकाश सोडल्याने हृदयाची गती मंदावते. मग विचारावे, ‘भीती शरीरात कोठे जाणवते?’ भीती हुसकावून लावणे हा येथे हेतू नाही. ती येते, थांबते आणि ओसरते, हे मुलाने स्वतः अनुभवावे. येऊन पाहा, हीच धम्माची रीत आहे.

मात्र याविषयी अतिशयोक्ती नको. ब्रिटनमधील ८४ शाळांतील आठ हजारांवर मुलांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्गात सरसकट दिलेल्या सजगतेच्या पाठांचा नेहमीच्या शिक्षणाहून अधिक लाभ त्यात आढळला नाही. घरी सराव करणारी मुलेही थोडीच होती. तेव्हा सक्ती करू नये. आईवडिलांनी आधी स्वतः रोज पाच मिनिटे बसावे. ध्यानाला शिक्षेचे किंवा गुण वाढविण्याच्या युक्तीचे रूप देऊ नये.

मूल आठवडोन् आठवडे शाळा टाळीत असेल किंवा त्याची झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. अशा मुलांना बोधात्मक वर्तनोपचाराचा चांगला उपयोग होतो. जीव नकोसा झाल्याचे ते बोलले, तर त्याच दिवशी मदत मिळवावी. आणि वर्णावरून वा जातीवरून त्याचा छळ होत असेल, तर केवळ श्वास मोजायला सांगून भागणार नाही. शाळेत जाऊन अन्यायाविरुद्ध उभे राहणे, हे पालकांचे कर्तव्य आहे.

गुणपत्रिका हाती घेण्यापूर्वी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!