स्टेअरिंग जड होतं तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आमच्या पट्ट्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही. मुंबईत कुणी नवी गाडी घेतली, की त्याची जुनी गाडी हळूहळू मध्य रेल्वेच्या कडेकडेनं आमच्याकडे सरकते. 'एमएच ०५' या कल्याणच्या क्रमांकाच्या कितीतरी गाड्या पंधरा वर्षांचा टप्पा ओलांडून, फिटनेस तपासणी करून, पुन्हा पाच वर्षांसाठी नोंदवून घेतलेल्या दिसतील. माझी गाडीही त्यातलीच, २००६ सालची. आज तिच्याच एका दुखण्याविषयी बोलायचं आहे. दुखणं पॉवर स्टेअरिंगचं.

आधी एक कबुली देतो. मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल खात्यात आयुष्य काढलं. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेस दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम होतं. कामगारानं येऊन नुसतं म्हटलं, की "साहेब, मशीन आज जड चालतंय," की मी हातातला चहा ठेवून उठत असे. पण माझ्या पत्नीनं तेच वाक्य गाडीविषयी म्हटलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही.

तिचं माहेर अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. महिन्यातून एक-दोनदा ती स्वतः गाडी घेऊन आईकडे जाते. एरवी गाडी माझ्याच हातात. एकदा परत आल्यावर ती म्हणाली, "स्टेअरिंग फार जड झालंय हो. गाडी लावताना हात भरून आले." मी म्हणालो, "तुझी सवय गेलीय." पुढच्या खेपेला ती पुन्हा तेच म्हणाली. मी म्हणालो, "वय झालं आता आपलं." तिसऱ्या खेपेला तिनं काहीच सांगितलं नाही. किल्ली खुंटीला अडकवली आणि त्यानंतर ती रिक्षानं, लोकलनं जाऊ लागली.

यात माझी चूक कुठे झाली, ते सांगतो. जो रोज गाडी चालवतो, त्याला असा बिघाड कळत नाही. स्टेअरिंग एका दिवसात जड होत नाही. रोज रतीभर जड होतं आणि हात रोज रतीभर जास्त जोर लावायला शिकतात. महिन्यातून एकदा बसणाऱ्याला मात्र सगळा फरक एकदम जाणवतो. म्हणजे आमच्या घरात खरं मोजमाप तिच्या हातात होतं आणि मी ते मोडीत काढत होतो.

मग एका पावसाळ्यात सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून आम्ही दोघं निघालो. येताना माझे डोळे चुरचुरत होते, म्हणून बऱ्याच महिन्यांनी ती चालवायला बसली. अंबरनाथ सोडून बदलापूरच्या रस्त्याला लागलो. पाऊस जोरात होता, एका वळणावर पाणी साचलं होतं. गाडी त्या पाण्यातून गेली आणि वळणावरच पुढून बेल्टची किंचाळी ऐकू आली. स्टेअरिंग दगडासारखं झालं. समोरून टेम्पो येत होता. तिनं दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन गाडी वळवली आणि पुढे जाऊन कडेला उभी केली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ही माझी सवय नाही."

श्रोतेहो, पॉवर स्टेअरिंग म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्यानं १९२० च्या दशकात हा प्रयोग केला. सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत तो आला तो १९५१ साली, क्रायस्लर कंपनीच्या इम्पिरियल गाडीत. आपल्याकडे फियाटवर, म्हणजे प्रीमियर पद्मिनीवर किंवा मारुती ८०० वर हात बसलेल्यांना स्टेअरिंग जोरानं फिरवण्याची सवयच होती.

जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनावरून एक बेल्ट पंप फिरवतो. पंप डबीतलं तेल ओढतो आणि जाड पाइपातून दाबानं पुढे, रॅककडे पाठवतो. रॅक म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारा आडवा दांडा. तुम्ही ज्या बाजूला वळवाल, त्या बाजूला तेल जोर लावतं आणि दुसऱ्या पाइपानं डबीत परत येतं. स्टेअरिंग पूर्ण एका टोकाला नेलं, की हा दाब टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट होऊ शकतो.

यातली एक गोष्ट प्रत्येक चालकानं लक्षात ठेवावी. तेलाचा जोर ही फक्त मदत असते. स्टेअरिंग आणि चाकं यांचा लोखंडी सांधा कायम असतो. मदत बंद पडली तरी गाडी वळते, फक्त ताकद लागते. त्यामुळे चालू गाडीत स्टेअरिंग अचानक जड झालं तर घाबरून हात सोडू नका. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. आणि चालत्या गाडीत किल्ली कधीही बंद करून काढू नका. इंजिन बंद झालं की ही मदत जाते आणि किल्ली काढली तर स्टेअरिंगला कुलूपही बसू शकतं.

दुसऱ्या दिवशी मी एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसानं बॉनेटही उघडलं नाही. उभ्या उभ्या स्टेअरिंग हलवलं आणि म्हणाला, "रॅक गेला. पूर्ण बदलावा लागेल." आकडा ऐकून मी गाडी विकण्याचा विचार करू लागलो.

मग एका शेजाऱ्यानं उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये लालचक्कीच्या बाजूला, एका मिस्त्रीकडे पाठवलं. छोटंसं गॅरेज, दोन गाड्या लागतील एवढीच जागा. मी जाताच रॅकचं सांगितलं. तो हसून म्हणाला, "अंकल, रॅक की बात आखिर में. पहले हवा देखो." आणि खरोखरच त्यानं आधी टायरची हवा तपासली. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर चांगलं स्टेअरिंगही जड लागतं. फुकटात होणारी तपासणी सर्वांत आधी, हा त्याचा नियम. कारखान्यात हाच नियम मी पोरांना शिकवत होतो.

नंतर त्यानं गाडी पुढून उचलली, खाली स्टँड लावले आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चाकं अधांतरी असताना ते सहज फिरायला हवं. तसं करतानाही अडकत असेल, तर दोष तेलात नसतो, सांध्यात असतो. बॉल जॉइंट, शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग किंवा स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गंजलेला जोड. माझ्या गाडीचं स्टेअरिंग अगदी मोकळं फिरलं. म्हणजे लोखंड ठीक, मदत कमी पडत होती.

मग त्यानं तेलाची डबी उघडली. तेल खुणेच्या खाली होतं आणि त्यावर फेस होता. इंजिन चालू करून स्टेअरिंग वळवलं, तेव्हा पंपातून 'घुंईं' असा आवाज आला. फेस आणि हा आवाज दोन्ही मिळून सांगतात, की तेलात हवा शिरते आहे. त्यानं बॅटरीच्या उजेडात पाइप तपासले. डबीतून पंपाकडे तेल नेणारा रबरी पाइप क्लिपजवळ कडक होऊन चिरला होता. इंजिन चालू असताना पंप तिथून हवा ओढत होता आणि इंजिन बंद झाल्यावर तिथूनच तेल पाझरत होतं. हे तेल थेंब थेंब खाली बेल्टवर पडत होतं. तेलानं बेल्ट गुळगुळीत झाला होता. कोरड्या रस्त्यावर तो कसाबसा चालत होता, पण पाण्याचे फवारे उडाले की घसरत होता. त्या वळणावर झालं ते हे.

यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नुसता बेल्ट बदलला असता, तर नवा बेल्टही दोन महिन्यांत तेलानं खराब झाला असता. नुसतं तेल भरत राहिलो असतो, तर ते पाझरत राहिलं असतं. आणि रॅक बदलला असता, तर खिसा रिकामा होऊन दुखणं तसंच राहिलं असतं. किंचाळत होता बेल्ट, पण मूळ होतं वीतभर रबरी पाइपात.

त्यानं पाइप, क्लिपा आणि बेल्ट बदलला, पुली पुसून काढल्या. मग हवा काढली. ती रीत अशी. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद. डबीत तेल भरायचं आणि स्टेअरिंग सावकाश दोन्ही टोकांना पंधरा-वीस वेळा न्यायचं. तेल उतरेल तसं भरत जायचं. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा तेच करायचं, पण टोकाला स्टेअरिंग दाबून धरायचं नाही. एरवी गाडी लावतानाही ही सवय नको. त्यानं पंप तापतो आणि पाइपांवर ताण येतो. सगळा खर्च रॅकच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी झाला.

घरच्या घरी तुम्ही काय पाहू शकता, ते सांगतो. महिन्यातून एकदा डबीतलं तेल पाहा. ते काळं, करपट वासाचं नको आणि दुधासारखं तर मुळीच नको. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलं. पावसाळ्यात आपल्याला हे विसरून चालत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी काय केलं, ते इथली माणसं विसरलेली नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेही आठवत असेल. गाडी पाण्यात बुडाली असेल तर ती चालू न करता ओढून न्या आणि इंजिन ऑइलबरोबर स्टेअरिंगचंही तेल तपासून घ्या.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग कुठे पडला, यावरून गळती कुठली, ते कळतं. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. ते दाबल्यावर आत तेल लागलं, तर मात्र रॅकचं सील गेलेलं असतं. एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड, हेही रॅककडे बोट दाखवतं. स्टेअरिंग जड झालं आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बेल्ट तुटल्याची शंका घ्या आणि लगेच थांबा. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो आणि इंजिन तापू शकतं.

तेल कुठलं घालायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा डबीच्या झाकणावरही लिहिलेलं असतं. तेच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्यानं आतली सगळी रबरं फुगून खराब होतात. जास्त दाबाचा पाइप फुटला तर तिथे साधी रबरी नळी आणि क्लिप लावून भागवू नका. तो पाइप त्या दाबाचाच हवा आणि त्याची टोकं यंत्रावर दाबून बसवलेली हवीत. तेल गरम सायलेन्सरवर उडालं तर पेट घेऊ शकतं. इंजिन चालू असताना गळती बोटानं चाचपू नका.

अलीकडच्या गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर असते. तिथे स्टेअरिंगचा दिवा लागला तर आधी बॅटरी, तिचे सांधे आणि फ्यूज पाहा. बॅटरी अशक्त असली तरी स्टेअरिंग जड होतं. आणि गाडी कुठलीही असो, स्टेअरिंग जड होण्याऐवजी सैल झालं, हलवल्यावर चाकांशी खडखड वाजू लागलं, तर ते जास्त धोक्याचं. टाय रॉडचा सांधा सुटला तर चाक आपलं ऐकत नाही. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये.

गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा : "हेच बिघडलंय, हे तुम्ही कशावरून म्हणता?" ज्यानं तपासलं आहे, तो हात धरून दाखवतो. ज्यानं तपासलेलं नाही, तो चिडतो.

त्या संध्याकाळी मी गाडी घरी आणली आणि किल्ली पत्नीपुढे ठेवली. म्हटलं, "एक फेरी मारून ये आणि सांग." ती कात्रपपर्यंत जाऊन आली. गेटात गाडी वळवून एका दमात जागेवर लावली. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "पहिल्यासारखं. पण हे तुला मी तीनदा सांगितलं होतं."

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरात जो माणूस गाडी कधीमधी चालवतो, तो काही सांगू लागला तर वर्तमानपत्र खाली ठेवा. आणि मग आधी टायरची हवा पाहा.