धुराची वाट तपासा, मग इसार द्या



चंद्रपुरातल्या जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजांच्या आतली जुनी घरं, ब्रह्मपुरी-नागभीड-आरमोरीच्या धानपट्ट्यातली कवेलूंची घरं, अहेरी-सिरोंचाकडची सागवानी आढ्यांची घरं आता विक्रीला निघू लागली आहेत. घेणारा कागदपत्रं पाहतो, विहिरीचं पाणी पाहतो, सागवान किती निघेल याचाही अंदाज बांधतो. चुलीकडे मात्र तो लक्ष देत नाही, कारण स्वयंपाक गॅसवरच व्हायचा असतो. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या भागातल्या जुन्या घरात चूल आणि छप्पर मिळून एकच व्यवस्था असते. एकाला हात लावला की दुसरं बिघडतं.

महाबळेश्वर-पाचगणीच्या इंग्रजकालीन बंगल्यांत भिंतीतली शेकोटी आणि तिच्यावर विटांचं धुराडं दिसतं. आपल्याकडे बहुतेक घरांत असं धुराडं नव्हतंच. अख्खं छप्पर ते काम करत होतं. धूर देशी कवेलूंच्या फटींतून बाहेर पडायचा. जाता जाता आढं, वासे आणि बांबूच्या कमच्या कोरड्या ठेवायचा, त्यांवर काजळी धरायची आणि लाकूड पोखरणारे किडे दूर राहायचे. बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसं चुलीवर टांगायची रीत याच अनुभवातून आली.

या सोयीची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या बाईने आणि तिच्या मांडीवरच्या लेकराने मोजली. गडचिरोलीतल्या बालन्यूमोनियावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेलं काम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. गावातल्याच माणसांना शिकवून न्यूमोनिया ओळखता येतो, त्यावर औषध देता येतं आणि बालमृत्यू कमी होतात, हे त्याने दाखवलं. लहान मुलांत या आजाराचा धोका वाढवणाऱ्या कारणांमध्ये घरातला धूर आहे. म्हणून जुनं घर जपा असं मी म्हणतो, तेव्हा धूर जपा असं म्हणत नाही.

नवा मालक काय करतो ते पाहा. कवेलू गळतात म्हणून टिनाचे पत्रे टाकतो, खालून छत ठोकतो. धुराची वाट बंद होते. पण मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल चालूच राहते. थंडीत वडीलधाऱ्यांच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी येते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. कवेलूंच्या घरात जे निभावून गेलं, ते छत ठोकलेल्या घरात जिवावर बेतू शकतं.

काही घरांत नळीचं धुराडं आढळेल. निर्धूर चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात आला, तेव्हापासून असे नळ बसू लागले. त्यांत सिमेंटचे नळ पुष्कळदा ॲस्बेस्टॉसमिश्रित असत. असा नळ करवतीने कापू नका, फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तो ओला करून, अखंड, जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या.

धुराडं ओढ घेतं कशामुळे? आतली तापलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते म्हणून. उंची जास्त आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक मोठा, तर ओढ जास्त. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे डिसेंबरात नीट चालणारं धुराडं उन्हाळ्यात धूर घरात टाकू शकतं. शिवाय जेवढी हवा वर जाते तेवढी खालून आत यावी लागते. दारं-खिडक्या घट्ट लावल्या की ओढ मंदावते.

म्हणून चूल पेटवूनच तपासा. आधी खिडक्या उघड्या ठेवून, मग थोडा वेळच बंद करून, धूर कुठे वळतो ते बघा. चूल निवल्यावर नळाच्या खालच्या तोंडाशी आरसा धरा. आभाळ दिसलं नाही तर आत पाखरांचं घरटं, गांधीलमाशीचं पोळं किंवा पडलेली वीट असेल. कोरडी, भुकटीसारखी काजळी झाडून निघते. चकचकीत, डांबरासारखा थर असेल तर ओलं लाकूड जळत आलं आहे. हा थर पेट घेऊ शकतो. तुळई किंवा वासा नळाला टेकलेला आहे का, तिथलं लाकूड करपलं आहे का, हे हाताने चाचपून पाहा. नळाचं वरचं तोंड आढ्याच्या वर दोन-तीन फूट असावं. नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो.

चूल पूर्ण बंद करणार असाल, तर धूर करत होता ते काम आता तुमच्याकडे आलं. दर पावसाळ्यानंतर बांबूखाली पिठासारखी भुकटी पडते का पाहा, बोरॅक्स-बोरिक आम्लाचा उपचार करून घ्या. वाळवी जमिनीतून भिंतीने चढते. धुराने ती कधीच पूर्ण थांबली नव्हती. त्यामुळे मातीच्या भिंतीवरचे तिचे माग शोधा. सागवान उतरवून दुसरीकडे न्यायचं असेल, तर वाहतूक परवान्याची चौकशी वन खात्यात आधीच करा.

आणि घरमालकाशी भाव ठरवण्याआधी, त्या घरात ज्या बाईने आयुष्यभर रांधलं तिच्याजवळ बसा. झडीच्या दिवसांत धूर कुठे कोंडतो, कोणत्या वाऱ्याला चूल धुमसते, कवेलू कोणत्या कोपऱ्यात दर वर्षी फेरावे लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिचं म्हणणं लिहून घ्या, दुरुस्तीचा खर्च त्यावरून काढा, आणि तो किमतीतून वजा करूनच इसार द्या.