ॲप कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, व्यवसाय करणाऱ्या सभासदांसमोर केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस विषय नेमून दिला तो ‘व्यवसायासाठी मोबाईल ॲप’ हा. आम्ही बी. ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. संगणकास समजेल अशी एक ओळही आम्हांस लिहिता येत नाही. तेव्हा ह्या गृहस्थांचा येथे अधिकार तो कोणता, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असल्यास तो रास्तच आहे. आमचे उत्तर एवढेच की, केंद्र सरकारच्या नोकरीत आमची हयात निविदा, करारनामे आणि देयके वाचण्यात गेली. आणि ॲप नावाची वस्तू तंत्रात बिघडते त्याहून अधिक वेळा ती कागदावर बिघडते, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

हा अनुभव आपल्यातीलच एका वहिनींचा आहे. नाव सांगत नाही. त्या समोरच बसल्या आहेत आणि त्यांनी बोलण्यास मुभा दिली आहे. विशाखापट्टणमात बंदर, नौदल, गोदी, पोलाद कारखाना ह्यांच्या निमित्ताने आलेली आपली जी घरे आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या दिवाळीत वहिनींच्या भाजणीचा वाटा असतो. आरंभी त्यांचा सारा व्यवहार एका लांबट वहीत चाले. नाव, जिन्नस, वजन, कोणत्या तारखेस हवे, आगाऊ किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘तिखट कमी’, ‘तूप घरचे देणार’ अशा बारीक नोंदी. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ ह्या शहरावर आदळले तेव्हा वीज आणि दूरध्वनी दोन्ही गेले होते, आणि दिवाळी अवघ्या अकरा दिवसांवर होती. त्या वर्षीचा फराळ ह्या वहीच्या आधारावर घरोघर पोहोचला, हे पुष्कळांस स्मरत असेल.

पुढे व्याप वाढला. शेजारच्या तेलुगू कुटुंबांकडूनही मागणी येऊ लागली. मग कोणी सुचविले की आता ॲप हवे. दुसऱ्या एका शहरातील तरुणांच्या संस्थेने दोन पानांचे दरपत्रक पाठविले, वहिनींनी पैसे दिले, आणि ॲप तयार झाले. दिसण्यात ते देखणे होते. एक उणीव मात्र पहिल्याच हंगामात ध्यानी आली. ॲप मागणी घेतच राही. कढई मात्र एकच! वहीत पान भरले की वहिनी आपोआप ‘आता पुढच्या आठवड्यात’ असे सांगत. ते शहाणपण ॲपला कोणी शिकविलेच नव्हते, कारण बनविणाऱ्यांनी वही पाहिलीच नव्हती.

ह्यात त्यांना हसावे असे आम्हांस वाटत नाही. आमच्याच कार्यालयात निरीक्षकांसाठी ॲप करवून घेण्याचे ठरले तेव्हा गरजांचा जाडजूड दस्तऐवज आम्ही स्वतः, वातानुकूलित खोलीत बसून सिद्ध केला होता. स्वीकृतीपूर्व चाचणीही त्याच खोलीत झाली. धक्क्यावर भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या निरीक्षकांना पांढऱ्या पार्श्वभूमीवरील ती फिकट करडी अक्षरे वाचताच येईनात. आमच्या दस्तऐवजात अक्षरांच्या रंगाचा उल्लेख होता, उन्हाचा नव्हता.

असो. वहिनींवरील खरे संकट ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर आले. एका सकाळी त्यांचे ॲप गुगलच्या प्ले स्टोअरमधून नाहीसे झाले. ज्यांच्या फोनवर ते आधीच होते त्यांना काही दिवस दिसत राहिले. पुढे तेथेही कोरा पडदा येऊ लागला. वहिनी दुपारीच आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सरकारी माणसं. एवढे हे कागद वाचून सांगा, माझं चुकलं कुठं.”

आम्ही कागद वाचले, दोन फोन केले, आणि उलगडा झाला. ॲप वहिनींचे, परंतु प्ले स्टोअरवरील खाते त्या संस्थेच्या नावाचे. त्याच खात्यातील दुसऱ्याच कोणाच्या ॲपने नियमभंग केला म्हणून गुगलने ते खाते बंद केले, आणि सुक्याबरोबर ओले जळावे तसे चकल्यांचे ॲपही गेले. सर्व्हरचे, म्हणजे जेथे मागण्यांची नोंद साठते त्या दूरस्थ संगणकाचे, भाडेही संस्थाच भरीत होती. ते तिने थांबविले. ग्राहकांची यादी तेथेच अडकली. त्यातल्या त्यात दैव एवढेच की पैसे यूपीआयने थेट वहिनींच्या बँकखात्यात येत होते. ते जर त्या संस्थेच्या खात्यातून फिरून येत असते तर काय झाले असते, ह्याचा विचारही नको.

वहिनींनी मूळ संहिता, म्हणजे ज्यास सोर्स कोड म्हणतात ती, मागितली तेव्हा उत्तर आले की ती आमची आहे; तुम्ही पैसे दिलेत ते वापराचे. वहिनींना हे उघड उघड दांडगाईचे वाटले. आम्हांसही तसेच वाटले असते. पण कायदा उघडून पाहिल्यावर आम्ही जरा खाली बसलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पुढील दुरुस्त्यांनंतर, ‘वाङ्मयकृती’ ह्या संज्ञेत संगणकाच्या आज्ञावलींचाही समावेश आहे. मराठी वाङ्मय शिकताना ही गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नव्हती! कलम १७ अन्वये कृतीचा प्रथम स्वामी तिचा कर्ता. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात लिहिले तर, अन्यथा ठरले नसल्यास, स्वामित्व मालकाचे. पैसे देऊन कोणाकडून छायाचित्र काढून घेतले तर तेही, तसेच काही ठरलेले नसल्यास, पैसे देणाऱ्याचे. परंतु बाहेरच्या संस्थेकडून आज्ञावली लिहवून घेतली तर केवळ पैसे दिल्याने ती आपली होत नाही. तसे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते. त्यातही कलम १९ मध्ये एक मेख आहे: मुदत लिहिली नाही तर ते हस्तांतरण पाच वर्षांपुरते मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. वहिनींच्या दोन पानी दरपत्रकात ह्यांपैकी एक अक्षरही नव्हते. तीत ‘आकर्षक रंगसंगती’ हे शब्द मात्र दोनदा होते.

त्या दिवाळीत पुन्हा वही निघाली. जोडीला व्हॉट्सॲप. वेळ निभावली, पण तीन हंगाम जमविलेले तेलुगू ग्राहक बव्हंशी दुरावले, कारण त्यांचे पत्ते वहीत कधी उतरलेच नव्हते.

आता येथे एक प्रश्न आम्ही वहिनींना विचारला, तो आपणां सर्वांस विचारतो. ॲप हवेच कशाला? ज्यांचे ग्राहक शंभराच्या आत आहेत, त्यांना व्हॉट्सॲपचा व्यवसायासाठीचा प्रकार आणि एक साधे संकेतस्थळ पुष्कळ झाले. केवळ पुतण्याच्या मित्राचे आहे म्हणून ॲप करू नये. वहिनींचे उत्तर मात्र तयार होते. “भाऊजी, मला चकचकीत काही नको. रोज किती किलो होतात तेवढीच मागणी घेणारं, आणि मी झोपले असताना घेणारं काहीतरी पाहिजे.” एखाद्या खात्याच्या सचिवांनाही गरज इतकी नेमकी सांगता येईल किंवा नाही, शंका आहे.

दुसऱ्या खेपेस काम ह्या वाक्यापासून सुरू झाले. बनविणारी मुलगी ह्याच शहरातली. ती प्रथम दोन दिवस वहिनींच्या स्वयंपाकघरात बसली आणि वहीचे रकाने उतरवून घेतले. नाटकाच्या भाषेत सांगावयाचे तर ॲपला एक रंगमंच असतो, जो आपल्या हातातील पडद्यावर दिसतो. आणि एक विंगेतला भाग असतो, जेथे नोंदी, हिशेब, मर्यादा सांभाळल्या जातात. आपण पैसे मोजताना रंगमंच पाहतो. प्रयोग पडतो तो विंगेत. ‘रोजची मर्यादा’ विंगेत बसविली गेली. शोधाच्या चौकटीत ‘चकली’ लिहिले तरी, रोमन लिपीत लिहिले तरी, आणि तेलुगू शेजारणीने ‘जंतिकलु’ लिहिले तरी तोच जिन्नस पुढे यावा, पुरणपोळीसाठी ‘बोब्बट्लु’ही चालावे, अशी योजना झाली. जुने ॲप ग्राहकाच्या फोनमधील सर्व नावांची यादी पाहण्याची परवानगी मागे. चकल्या विकणाऱ्यास ती कशाला? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. न लागणारी माहिती मुळात न घेणे हे कायद्याच्या आणि सभ्यतेच्याही दृष्टीने बरे.

करारनामा आम्ही वाचला, नव्हे, लिहिलाच. संहिता वहिनींची, कायमची, सर्व देशांसाठी. तिची प्रत वहिनींच्या खात्यात, प्रत्येक हप्त्यापूर्वी जमा. सर्व्हर आणि संकेतस्थळाचे नाव वहिनींच्या नावे. प्ले स्टोअरचे खातेही त्यांचे; त्यास एकदाच २५ डॉलर पडतात. ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर, म्हणून ते तूर्त बाजूस ठेवले आणि आयफोनवाल्यांसाठी संकेतस्थळ ठेवले. विक्रीतील मोठा हिस्सा ही दुकाने कापून घेतात, अशी वहिनींना धास्ती होती. परंतु ते कमिशन डिजिटल वस्तूंवर आहे, चकल्यांवर नाही. देखभालीचा खर्च मात्र विसरू नये. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दर वर्षी येते आणि ॲप त्यानुसार अद्ययावत न ठेवल्यास नव्या ग्राहकांना ते दिसेनासे होते. हे घर बांधून कुलूप लावून ठेवण्यासारखे काम नव्हे. मुलीने दहा टक्के रक्कम वर्षभराच्या देखभालीनंतर घ्यावी, हे कलम आम्ही घातले तेव्हा ती थोडी हिरमुसली. तिचेही पोट आहे. म्हणून देखभालीचा वेगळा मोबदला आम्ही तितक्याच ठळकपणे लिहिला.

एक अडचण उरली. जुने ॲप गेले त्याबरोबर त्याची प्ले स्टोअरवरील ओळखही गेली. ती पुन्हा वापरता येत नाही. सारे नव्याने. आणि नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्यांना नियम असा की, किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ॲपच्या चाचणीत सहभागी राहिल्याखेरीज ते सर्वांसाठी खुले करता येत नाही. हे बारा जण आणावयाचे कोठून? २०२५ च्या गणेशोत्सवात, आरती संपून प्रसाद वाटला जात असताना, वहिनींनी मंडपातच हाक दिली. बाराऐवजी सतरा नावे आली. त्यांत आम्हीही होतो.

ह्या सतरांनी जे शोधून काढले ते कोणा तज्ज्ञास सुचले नसते. आपल्यातील एका ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या फोनवर अक्षरे सर्वांत मोठी ठेवलेली. त्यांच्या पडद्यावर ‘मागणी नोंदवा’ हे बटण खाली कोठेतरी गडप होई. आजोबा दोन दिवस मागणी नोंदवीत होते आणि ती जात नव्हती. एका ताईंनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख निवडली तर ॲप मागच्या महिन्यात जाई.

आमचा स्वतःचा हातभार निराळा. अकराव्या दिवशी रात्री वहिनींचा फोन आला. “भाऊजी, तुमच्या नावावर अडीचशे किलो चकल्या आल्यात. खरंच हव्यात का?” आम्ही ग्रॅम समजून आकडा घातला होता. पण मग रोजच्या मर्यादेने तो अडविला कसा नाही? त्या मुलीने रात्रीच तपासले. मर्यादा दिवसभराच्या बेरजेवर होती, आणि दिवसाची पहिलीच मागणी बेरजेत धरण्यापूर्वी स्वीकारली जात होती. दिवाळीत एखाद्या कार्यालयाने सकाळी सकाळी मोठी मागणी टाकली असती तर पुन्हा तेच झाले असते. पहाटेपर्यंत दुरुस्ती झाली. घटस्थापनेस, २२ सप्टेंबरला, ॲप प्ले स्टोअरवर दिसू लागले, आणि विकसकाच्या नावाच्या जागी वहिनींचे नाव होते.

आमच्या अडीचशे ग्रॅम चकल्या दुसऱ्या दिवशी पोहोचल्या. त्यांचे पैसे वहिनींनी रीतसर ॲपमधूनच घेतले.