रेल्वे अपघातातील जखमी आणि त्यांचे कायदेशीर हक्क

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विधिसल्लागार उपसमितीतर्फे केलेले भाषण)



संमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी अपघाताचा विषय काढणे काही मंडळींना अप्रशस्त वाटेल, ह्याची आम्हांस जाणीव आहे. तथापि आपल्या सभासद-कुटुंबांपैकी बहुतेकांचे वास्तव्य आज कल्याण, डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार ह्या बाजूस आहे. घरातील कर्ता पुरुष, आणि आता बहुतेक घरांतील कर्ती स्त्रीदेखील, रोज दोन वेळा लोकलच्या गर्दीत उभी असते. गणपतीस आणि शिमग्यास सारे घर कोकण रेल्वेने गावी जाते. ज्या वाहनावर आपला संसार चालतो, त्या वाहनाने इजा झाल्यास कायदा काय देतो हे ठाऊक नसणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून कार्यकारी मंडळाने हा विषय आमच्याकडे सोपविला तेव्हा आम्ही तो आनंदाने नव्हे, पण कर्तव्य म्हणून स्वीकारला.

प्रथम कायद्याची चौकट सांगतो. रेल्वे अधिनियम, १९८९ ह्यातील कलम १२४ हे गाड्यांच्या अपघातासंबंधी आहे. दोन गाड्यांची टक्कर, गाडी रुळांवरून घसरणे किंवा गाडीस होणारा तत्सम अपघात ह्यांत प्रवासी जखमी वा मृत झाल्यास रेल्वे प्रशासन भरपाई देण्यास बांधलेले आहे, मग त्यात रेल्वेची चूक असो वा नसो. कोकणातील मंडळींना २००३ सालच्या जून महिन्यात वैभववाडीजवळ झालेला अपघात आठवत असेल. दरड रुळांवर आली आणि गाडी घसरली. पुढच्याच वर्षी, २००४ च्या जूनमध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तसाच प्रसंग आला. ‘दरड ही दैवी आपत्ती, त्याला रेल्वे काय करणार?’ असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील. कायदा तसे म्हणत नाही. कलम १२४ पुढे दैवी आपत्तीची सबब चालत नाही.

परंतु शहरातील माणसाच्या नशिबी टक्कर क्वचितच येते. त्याच्या नशिबी येते ते पडणे. दारात उभे असता हात सुटणे, गाडीत चढताना पाय निसटणे, पाठीमागच्या लोंढ्याने फलाटाच्या कडेला ढकलले जाणे, असे त्याचे प्रकार. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधील माणसे खाली पडून प्राणहानी झाली, ते दुःख अजून ताजे आहे. अशा घटनांसाठी १९९४ साली अधिनियमात कलम १२४-अ घालण्यात आले आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ते अमलात आले. त्यात ‘अनुचित घटना’ असा शब्द आहे. उतारूंच्या गाडीतून प्रवाशाचे अपघाताने पडणे ही अनुचित घटना होय. त्याचप्रमाणे गाडीत, प्रतीक्षालयात, तिकीटघरात, फलाटावर किंवा स्थानकाच्या आवारात झालेला घातपात, दरोडा, दंगल, जाळपोळ वा हिंसक हल्ला ही देखील अनुचित घटनाच. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत जे बॉम्बस्फोट झाले ते ह्याच सदरात येतात. येथे ‘प्रवासी’ ह्या शब्दाचा अर्थही व्यापक आहे. ज्याच्यापाशी नुसते फलाटाचे वैध तिकीट आहे तोही प्रवासी, आणि कामावर असलेला रेल्वे नोकरही.

आता आमच्या व्याख्यानाचा जो गाभा आहे त्याकडे वळतो. आमच्या अनुभवास असे आले आहे की, भरपाई न मिळण्याचे पहिले कारण रेल्वे नसून आपल्याच घरातील एक वाक्य असते: ‘चूक आपल्याच माणसाची.’ काही काळापूर्वी आमच्याकडे एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा कामावरून परतताना गर्दीच्या रेट्यात लोकलमधून पडला आणि त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गृहस्थ बोलावयासही संकोचत होते. मुलगा दारात उभा होता, पास सापडत नव्हता, ‘तेव्हा आम्ही कोणत्या तोंडाने मागावयाचे?’ असा त्यांचा प्रश्न. घटनेला दहा महिने होऊन गेले होते. वडील माणसाच्या तोंडून असे शब्द ऐकताना आम्हांला त्यांच्या सचोटीचा आदर वाटला, परंतु त्या सचोटीचा भुर्दंड एका पंचविशीतल्या मुलाने आयुष्यभर सोसावा हे आम्हांस मान्य झाले नाही.

कारण कायदा तो प्रश्न विचारतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली केरळातील एका प्रकरणात असा निर्णय दिला की, गाडीत चढण्याचा प्रयत्न करताना पडणे हेही ‘अपघाताने पडणे’ होय, आणि हे कलम कल्याणकारी असल्यामुळे त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे. २०१० साली त्याच न्यायालयाने सांगितले की, उघड्या दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल, फार तर अविचार असेल, परंतु त्याला ‘गुन्हेगारी कृत्य’ म्हणता येणार नाही. आणि मे २०१८ मधील निर्णयाने ह्या साऱ्याची घडी नीट बसविली: केवळ निष्काळजीपणामुळे झालेली इजा ही ‘स्वतः करून घेतलेली इजा’ ठरत नाही, त्यासाठी तसा हेतू असावा लागतो. भरपाई नाकारण्याची कारणे कलमातच दिलेली आहेत. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, हेतुपुरस्सर करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत वा वेडाच्या भरात केलेली कृती, आणि नैसर्गिक कारण वा आजार, एवढीच ती आहेत. ह्या यादीत ‘घाई’ नाही आणि ‘गर्दी’ही नाही.

तिकिटाचेही असेच. पडलेल्या माणसाच्या खिशातील कागद कोठे जातो हे कोणी सांगावे? रक्ताने भिजलेले कपडे रुग्णालयात कापून टाकतात, पाकीट कोणी उचलतो. २०१८ च्या त्याच निर्णयात न्यायालयाने म्हटले आहे की, तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो माणूस प्रवासी नव्हता असे ठरत नाही. दावेदाराने वस्तुस्थितीचे प्रतिज्ञापत्र दाखल केले म्हणजे त्याची प्राथमिक जबाबदारी पुरी होते, आणि त्यानंतर तो प्रवासी नव्हता हे दाखविण्याचा भार रेल्वेवर जातो. मात्र त्याच निर्णयाची दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. रुळांशेजारी देह वा जखमी माणूस आढळला, एवढ्यावरूनच तो प्रवासी होता असेही ठरत नाही. तेव्हा पास हरवला तरी जुन्या पासांच्या प्रती, पासासाठीचे ओळखपत्र, मोबाइलवर काढलेल्या तिकिटाची नोंद, कचेरीतील हजेरीपत्रक, बरोबरच्या सहप्रवाशाची जबानी, जे मिळेल ते जपून ठेवावे. वरील गृहस्थांच्या घरी मागील वर्षाचे पास एका डब्यात नीट रचून ठेवलेले निघाले. त्यांच्या पत्नीची ही सवय पुढे दाव्यात फार उपयोगी पडली.

ज्या ठिकाणी कायदा हात आखडतो ते ठिकाणही स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. रूळ ओलांडताना गाडीखाली येणे ही अनुचित घटना नव्हे. तो कलम १४७ प्रमाणे अतिक्रमणाचा अपराध आहे, आणि त्यात प्रवासी ह्या नात्याने भरपाई मागता येत नाही. पादचारी पूल चढावयाचा कंटाळा करून पलीकडच्या फलाटावर उडी मारणारी आपली तरुण मंडळी हे ऐकत असतील तर त्यांनी ऐकावे. आमच्या वयाची मंडळीही ह्या बाबतीत फारशी मागे नाहीत.

आणि येथेच खरी मेख आहे. घटना पडण्याची असली तरी पहिल्या कागदावर ‘रूळ ओलांडताना’ असे दोन शब्द लिहिले गेले, म्हणजे पुढे वर्षानुवर्षे त्या दोन शब्दांशी झगडावे लागते. वरील प्रकरणातही नेमके तेच झाले होते. एका स्थानकावरील कर्मचाऱ्याने कोणाला न विचारता मेमोत तसे लिहून टाकले. म्हणून पहिल्या दिवशी घरातील एकजण रुग्णालयात थांबला, तर दुसऱ्याने लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यावर जावे. स्टेशन मास्तरांचा मेमो, पोलिसांची नोंद आणि पंचनामा ह्यांच्या प्रती मागाव्यात, त्यांत काय लिहिले आहे ते वाचून पाहावे, आणि चुकीचे असल्यास त्याच आठवड्यात लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी. जखमी शुद्धीवर असेल तर त्याची जबानी लवकर नोंदविली जावी असा आग्रह धरावा. डॉक्टर ‘हे कसे झाले?’ असे विचारतात, तेव्हा घाबरलेल्या नातलगाने ‘रेल्वे अपघात’ एवढेच मोघम सांगू नये. ‘अमुक गाडीतून, अमुक स्थानकांच्या दरम्यान पडला’ असे सांगावे. ते वाक्य केसपेपरवर उतरते आणि केसपेपर हा पुरावा असतो.

दावा कोठे करावयाचा? दिवाणी न्यायालयात नव्हे. १९८७ च्या स्वतंत्र अधिनियमान्वये स्थापन झालेले रेल्वे दावे न्यायाधिकरण नोव्हेंबर १९८९ पासून काम करीत आहे. त्याची खंडपीठे मुंबईस व नागपुरासही आहेत. जेथे दावेदार राहतो, जेथे तिकीट काढले, जेथे घटना घडली वा जेथे उतरावयाचे होते, ह्यांपैकी कोणतेही स्थान ज्या खंडपीठाच्या क्षेत्रात येते तेथे अर्ज करता येतो. इजा वा मृत्यूच्या अर्जाला शुल्क नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. अर्ज स्वतः जखमीने करावा; तो अज्ञान असल्यास पालकाने; मृत्यू झाला असल्यास पत्नी, पती, मुले आणि कायद्याने सांगितलेल्या अन्य अवलंबितांनी. मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. परंतु ‘होऊ शकतो’ ह्या शब्दांवर कोणी विसंबू नये. वरील गृहस्थांच्या हाती दोनच महिने उरले होते, आणि ते कागद गोळा करण्यात कसे गेले हे आमचे आम्हांस ठाऊक.

रकमेविषयी. पूर्वी मृत्यूबद्दलची भरपाई चार लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख झाली. दोन्ही हात जाणे, दृष्टी जाणे, पूर्ण बहिरेपणा येणे अशा इजांनाही तीच रक्कम आहे. हात खांद्याच्या सांध्यापासून गेल्यास सात लाख वीस हजार, अंगठा गेल्यास दोन लाख चाळीस हजार, अशी अनुसूची नियमांत दिलेली आहे. अनुसूचीत नसलेली इजा माणसाला सर्व कामास असमर्थ करणारी आहे असे न्यायाधिकरणाचे मत पडल्यास आठ लाख देता येतात. मोटार अपघाताच्या दाव्यात मिळकत पाहिली जाते, तशी येथे पाहत नाहीत. शिपायाच्या आणि साहेबाच्या हाताची किंमत येथे एकच. ह्यात समता आहे, हे खरे. पण तरुण मिळवत्या माणसाच्या कुटुंबास ही रक्कम अपुरी पडते, हेही तितकेच खरे, आणि आमच्या मते तिचा फेरविचार होणे अगत्याचे आहे. २०१७ पूर्वीच्या घटनांच्या प्रलंबित दाव्यांत जुनी रक्कम व्याजासह आणि निकालाच्या दिवशीची नवी रक्कम ह्यांतील जी अधिक असेल ती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले आहे.

अपघातानंतर रेल्वेकडून जे सानुग्रह साहाय्य मिळते ते ह्याहून निराळे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या रकमा वाढविण्यात आल्या. गाडीच्या अपघातात गंभीर इजा झाल्यास अडीच लाख आणि साध्या इजेस पन्नास हजार. अनुचित घटनांत ह्या रकमा पुष्कळच कमी, म्हणजे अनुक्रमे पन्नास हजार व पाच हजार आहेत. हे साहाय्य स्वीकारल्याने न्यायाधिकरणातील हक्क जात नाही. ‘पैसे घेतले, आता दावा कसला?’ असे सांगणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये. लांबच्या प्रवासाचे तिकीट संगणकावरून काढताना काही पैशांत जो ऐच्छिक विमा मिळतो, तोही वेगळा. अधिनियमाच्या कलम १२८ ने विम्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. त्या विम्यात मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वास दहा लाख आणि रुग्णालयाच्या खर्चास दोन लाखांपर्यंत तरतूद आहे. एवढ्याशा रकमेसाठी तो चौकोन रिकामा सोडणे शहाणपणाचे नाही, आणि विमा घेतल्यावर वारसाचे नाव भरावयास विसरू नये. मात्र त्याच अपघाताबद्दल रेल्वे अधिनियमाखाली आणि कामगार भरपाईच्या कायद्याखाली अशी दोनदा भरपाई मागता येत नाही. रेल्वेच्या नोकरीतील आपल्या सभासदांनी कोणता मार्ग लाभाचा ते आधी विचारून घ्यावे.

जो प्रवासी नाही त्याचे काय? फाटकावर बस वा मोटारीस गाडीची धडक बसली, तर मार्ग मोटार अपघात न्यायाधिकरणाचा. १९७९ साली केरळात बिनफाटकाच्या रस्त्यावर झालेल्या अशाच एका अपघातात, वाहनाच्या मालकाबरोबर रेल्वेलाही तेथे प्रतिवादी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरविले. तेथे मात्र रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. रुग्णालयाच्या दारातच काही मंडळी कोऱ्या वकालतनाम्यावर सही घेण्यास टपलेली असतात आणि भरपाईत वाटा मागतात. कोऱ्या कागदावर सही देऊ नये, आणि बँकेचे पुस्तक व सही केलेले धनादेश कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. निकाल विरुद्ध गेल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते. त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे, आणि निकालाची नक्कल मागण्यातच त्यातील बरेच दिवस जातात, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा.

त्या मुलाचा दावा न्यायाधिकरणात दाखल झाला आहे आणि मेमोतील त्या दोन शब्दांवर साक्षीपुरावा चालू आहे. उपसमितीतील वकील सभासद दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात बसतात. त्यांच्या सल्ल्याबद्दल काहीही घेतले जात नाही. येताना जे कागद असतील ते सारे आणावेत, निरुपयोगी वाटणारे सुद्धा. आता कोणास काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने अवश्य विचारावे.