उसनी झोंप

स्वारगेटच्या एस्. टी. स्थानकावर पहांटे साडेचार-पांचच्या सुमारास जो उभा राहील, त्याला झोंपेचे नाना प्रकार एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतील. कोल्हापूर-सांगलीकडून रात्रभर प्रवास करून उतरलेले, अर्धवट जागे उतारू. बोचक्यावर डोकें टेंकून निजलेलें एखादें मूल. चहाच्या गाडीपाशीं पेल्याची ऊब दोन्ही हातांनीं धरून उभा असलेला हमाल. आणि पहिली गाडी घेऊन साताऱ्याच्या रस्त्याला लागण्याच्या तयारींत असलेला चालक. या सर्वांना झोंप कमी मिळालेली असते, आणि कां कमी मिळाली हेंहि त्यांना ठाऊक असतें. परंतु याच गर्दींत एक गृहस्थ असा आढळतो कीं, जो रात्रीं घरच्या अंथरुणावर चांगला सात तास पडलेला असतो; तरीहि त्याचे डोळे जड, तोंड कोरडें आणि कपाळाला आंठी. विचारलें तर तो सांगतो, "झोंप? ती तर मस्त लागली! दोन पेग घेतले आणि आडवा झालों." झोंप मस्त लागली, मग हा शीण कसला, या प्रश्नाचा तो विचार करीत नाहीं. फार झालें तर तो दोष हवेला देतो, नाहीं तर बायकोच्या हातच्या रात्रीच्या जेवणाला देतो.

मद्यानें झोंप येते हा समज निव्वळ खोटा असता, तर त्याचें निराकरण सोपें होतें. अडचण अशी आहे कीं तो अर्धा खरा आहे. मद्य घेतलेला मनुष्य न घेतलेल्यापेक्षां लवकर निजतो, हें प्रयोगांतीं दिसून आलेलें आहे. फसगत होते ती पुढच्या अर्ध्यांत. आणि तो अर्धा मनुष्य डोळे मिटून घालवीत असल्यामुळें त्याची साक्ष त्याला स्वतःला देतां येत नाहीं.

आपल्याकडील जुन्या वैद्यांच्या नजरेंतून ही गोष्ट सुटलेली नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत मदात्ययावर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि वातप्रधान मदात्ययाच्या लक्षणांत 'प्रजागर', म्हणजे झोंप न येणें, हें लक्षण स्पष्ट सांगितलें आहे. पुढील काळांत मात्र मद्याविरुद्ध जें बोललें गेलें तें बहुतेक नीतीच्या आणि पैशाच्या अंगानें. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांतल्या गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हां प्रश्न होता तो गरिबाच्या संसाराचा आणि सरकारच्या अबकारी उत्पन्नाचा. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकांतला सुधाकर पहिला प्याला उचलतो, तो चैनीसाठीं नव्हे. अपमानाचा सल क्षणभर विसरावा म्हणून. तळीराम त्याला विसराचें औषध म्हणूनच तो पुढें करतो. सुशिक्षित घरांत मद्य शिरतें तें पुष्कळदां याच दारानें. कचेरींतली कटकट डोक्यांत घोळत राहते, डोळा लागत नाहीं, आणि मग कोणी स्नेही सांगतो, "थोडी घेऊन पाहा."

आतां मेंदूंत काय होतें तें पाहूं. मेंदूच्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवितात, त्यांत कांहीं चेतविणारे असतात आणि कांहीं शमविणारे. 'गॅबा' हें शमविणाऱ्या निरोपाचें द्रव्य, आणि 'ग्लुटामेट' हें चेतविणाऱ्याचें. मद्यार्क पहिल्याचा जोर वाढवितो, दुसऱ्याचा दाबून टाकतो. त्यामुळें मन सैल होतें, विचारांची साखळी तुटते आणि पापणी मिटते. येथपर्यंत मद्याची स्तुति करणाऱ्याचें म्हणणें मान्य करावयास हरकत नाहीं.

परंतु झोंप म्हणजे दिवा मालवावा तशी एकसारखी काळोखी अवस्था नव्हे. जर्मनींत हान्स बर्गर यानें मनुष्याच्या मेंदूतील विद्युल्लहरींचें टांचण १९२९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांत ॲसेरिन्स्की व क्लाइटमन या दोघांनीं झोंपेची एक निराळी अवस्था दाखवून दिली, जींत मिटल्या पापण्यांखालीं बुबुळें भराभर हालतात. स्पष्ट स्वप्नें मुख्यतः हींत पडतात, म्हणून तिला स्वप्ननिद्रा म्हणूं. सुमारें दीड तासाचा एक फेरा, असे चार-पांच फेरे रात्रींत होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोंपेचा भाग मोठा, तर पहांटेच्या फेऱ्यांत स्वप्ननिद्रेचा. दिवसा शिकलेलें मनांत मुरविण्याचें आणि भावनांची धार बोथट करण्याचें काम या अवस्थांत चालतें, असें संशोधक मानतात. मद्य घेतलेल्याच्या रात्रीचे दोन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यांत गाढ झोंप जरा वाढतेहि, पण स्वप्ननिद्रा मागें ढकलली जाते. दुसऱ्या तुकड्यांत रक्तांतला मद्यार्क ओसरतो, आणि इतका वेळ दाबून धरलेला मेंदू उसळी घेतो. झोंप उथळ होते, वारंवार तुटते, स्वप्नें पडतात तीं भडक आणि दचकविणारीं. पुष्कळशा जागा इतक्या क्षणिक असतात कीं सकाळीं त्यांची आठवण राहत नाहीं.

हा दुसरा तुकडा कोणत्या घटकेला सुरू होतो, हें अंकगणितानें काढतां येतें, आणि शाळेंत त्रैराशिक शिकलेल्या कोणालाहि तें अवघड वाटूं नये. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्यें मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४२.८ असतें. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत सुमारें १० ग्रॅम मद्यार्क, मोठ्यांत २०. बीअर सौम्य म्हणून तिला निर्दोष समजणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, ६५० मिलिलिटरची साधी, शेंकडा पांच टक्क्यांची बाटली सुमारें २५ ग्रॅमांची होते, आणि आठ टक्क्यांची कडक बाटली ४० ग्रॅमांची, म्हणजे दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची. आतां मध्यम बांध्याच्या पुरुषाचें यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावतें. त्याला घाई करतां येत नाहीं. थंड पाण्याची अंघोळ, लिंबूपाणी, काळी कॉफी यांपैकीं कशानेंहि त्याचा वेग वाढत नाहीं. स्त्रियांच्या शरीरांत पाण्याचा अंश कमी असल्यामुळें तेवढ्याच मद्याचें त्यांच्या रक्तांतील प्रमाण अधिक चढतें. रात्रीं दहाच्या सुमारास दोन मोठे पेग घेणाऱ्याच्या अंगांतील मद्यार्क संपावयास साडेतीन-चार वाजतात. नेमक्या त्याच वेळीं त्याची झोंप फुटते, आणि छताकडे पाहत पडलेला तो मनुष्य आपल्याला कसली काळजी लागून राहिली आहे याचा शोध घेऊं लागतो. काळजी असेलहि, पण जागें केलें तें पेल्यानें.

शरीराच्या बाकीच्या भागांनाहि त्या रात्रीं विश्रांति नसते. मूत्राचें प्रमाण आंवरून धरणारा जो अंतःस्राव मेंदूखालील ग्रंथींतून सुटतो, त्याला मद्य अडवितें. म्हणून रात्रीं उठावें लागतें आणि सकाळीं घसा कोरडा पडतो. नाडी रात्रभर नेहमींपेक्षां जलद चालते. घशाचे स्नायू सैल पडल्यानें घोरणें वाढतें, आणि ज्याचा श्वास झोंपेंत मुळांतच अडखळतो, त्याचा तो अधिक वेळां व अधिक काळ अडतो. अशा मनुष्याची खरी रात्र कशी गेली हें त्याच्या पत्नीला विचारावें. घोरणें थांबलें कीं ती बिचारी धसकून उठते, श्वास पुन्हां सुरू झालेला ऐकते आणि मग कुशीवर वळते. एकाच्या पेल्यापायीं दोघांची झोंप जाते, याचा हिशेब कोणत्याहि दुकानाच्या बिलांत लागत नाहीं.

मग उजाडतें. यकृत मद्यार्काचें रूपांतर प्रथम ॲसेटाल्डिहाइड या त्रासदायक द्रव्यांत करतें आणि पुढें त्याचा निचरा करतें. या कामांत गुंतलें असतां रक्तांत नवी साखर तयार करून सोडण्याचें त्याचें नेहमींचें काम मंदावतें. उपाशीपोटीं घेणाऱ्याला हातपाय गळाल्यासारखें वाटतें त्याचें हें एक कारण. त्यांत तुटक झोंप आणि पाण्याचा तुटवडा यांची भर. अकरा वाजतां आंकड्यांची बेरीज चुकते, दोन वाजतां डुलकी येते, आणि संध्याकाळीं मुलानें शुद्धलेखनाची वही पुढें केली कीं तिच्यावर ओरडा होतो. ती वही कांहीं कालच्यापेक्षां वाईट नसते. चार-पांच कप चहानें दिवस कसाबसा ढकलला जातो. पण दुपारनंतरचा चहा रात्रीं झोंप लांबवितो, आणि ती लांबली म्हणून पुन्हां बाटलीकडे हात जातो.

ज्याच्या हातीं सुकाणूचक्र आहे त्याच्या बाबतींत मात्र ही गोष्ट घरगुती राहत नाहीं. १९४८ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेला एस्. टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला आली. आज स्वारगेटहून निघणाऱ्या गाड्यांना साताऱ्याकडे जातांना आधीं कात्रज आणि पुढें खंबाटकी ओलांडावा लागतो. रस्त्यावर खासगी मोटारी आणि मालमोटारी असतातच. मोटारवाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क असणें हा गुन्हा आहे. सत्तर किलो वजनाच्या पुरुषानें रात्रीं नऊपासून चार मोठे पेग घेतले आणि तो निजून सहा वाजतां उठला, तर त्याच्या रक्तांत अजून साधारण तेवढा मद्यार्क शिल्लक असण्याचा संभव आहे. त्याला वाटतें, रात्रीची रात्रींच उतरली. आणि ज्यानें कमी घेतली, ज्याच्या फुंकरीनें यंत्राचा आंकडा शून्यावर राहिला, त्याचें काय? मद्य निघून गेलें तरी मोडलेली झोंप भरून आलेली नसते. १९९७ सालीं 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या डॉसन व रीड यांच्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत असें दिसलें कीं, सतत सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताची आणि डोळ्याची जोड जितकी ढिली पडते, तितकी ती रक्तांत शेंकडा ०.०५ मद्यार्क असलेल्याची पडते. आपल्या कायद्याची मर्यादा याहून कमी, म्हणजे ०.०३ आहे. फुंकरीचें यंत्र मद्य मोजतें, पेंग मोजत नाहीं. तें चालकाला स्वतःलाच मोजावें लागतें.

स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे. तेथें पाठीवर पोतीं वाहणारा हमाल "अंग दुखतें म्हणून घेतों" म्हणतो, तेव्हां त्याला शहाणपण शिकवावयास निघालेल्या पांढरपेशांनीं जरा थांबावें. त्याचें अंग खरोखरच दुखत असतें, आणि मद्यानें तें दुखणें घटकाभर बधिर होतें हेंहि खरें. परंतु दिवसभर ताणलेल्या स्नायूंची डागडुजी मुख्यतः अन्नानें आणि सलग झोंपेनें होते. एका ग्रॅम मद्यार्कांतून सात कॅलरी मिळतात खऱ्या, पण त्यांत प्रथिनांचा कण नसतो. शिवाय पैसे पेल्याकडे गेले कीं ताट आंखडतें. पुण्याच्या हमाल पंचायतीनें १९७४ सालीं 'कष्टाची भाकर' सुरू करून कष्टकऱ्यांना स्वस्त भाजी-भाकर मिळण्याची सोय केली. रात्रीच्या झोंपेवर त्या भाकरीचे जे उपकार आहेत, त्यांची मोजदाद कोणी केली नसेल, पण ते लहान नाहींत.

या सगळ्यांत अधिक धोक्याची गोष्ट अशी कीं, लवकर झोंप लागण्याचा जो एकुलता एक फायदा, तोहि टिकत नाहीं. तीन-चार रात्री लागोपाठ घेतली कीं मेंदू तिला सरावतो आणि तेवढ्याच मापानें पापणी मिटेनाशी होते. माप वाढतें. एखाद्या रात्रीं घेतली नाहीं तर आधीं कधीं नव्हती इतकी तळमळ होते, आणि त्यावरून मनुष्य असा निष्कर्ष काढतो कीं आपल्याला पेल्यावांचून झोंपच नाहीं. दुखणें आणि औषध एकाच बाटलींत आहेत हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्यानें मात्र एका दिवसांत, आपल्याच मतानें, सर्व सोडूं नये. अशा वेळीं झटके येण्याचा व वात होण्याचा धोका असतो, म्हणून तें काम डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावयास पाहिजे. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' उभें केलें, तेव्हांपासून या शहरांतील कुटुंबांना अशा वेळीं कोठें जावें हें ठाऊक झालें आहे. झोंपेच्या गोळ्या आणि मद्य हीं दोन्ही एकत्र घेणें तर कोणींहि, कधींहि करूं नये. दोन्ही मिळून श्वासच मंदावतो.

जो अधूनमधून, थोडी, केवळ झोंपेच्या आशेनें घेतो, त्याला कोणाचें म्हणणें ऐकून विश्वास ठेवण्याची गरज नाहीं. त्यानें पंधरा दिवस ती बंद ठेवावी आणि एका वहींत रोज तीन गोष्टी टिपाव्या: रात्रीं किती वाजतां पडलों, मध्यें किती वेळां जाग आली, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां डोळे कसे होते. पहिल्या तीन-चार रात्री झोंप उशिरा लागेल, आणि त्या रात्रींच बहुतेकजण हा प्रयोग सोडून देतात. पांचवी-सहावी रात्र उलटेपर्यंत वही बंद करूं नये.