सत्कारानंतरची गोष्ट

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला मेडिकलच्या दिवसांवर बोलायला सांगितलंय आणि दहा मिनिटं दिली आहेत. तेवढ्या वेळात ओपीडीत तीन पेशंट होतात, त्यामुळं आवरतं घेतो.

१९९० साली मला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि त्या वर्षीच्या गॅदरिंगला याच पटांगणावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि मुख्याध्यापक सरांनी दिलेला स्टेथोस्कोप. तुमच्यातले बरेच जण तेव्हा टाळ्या वाजवायला होते. त्यानंतर जे झालं ते मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगतो. फर्स्ट एमबीबीएसला मी अ‍ॅनाटॉमीत नापास झालो.

तेव्हा पहिलं वर्ष दीड वर्षाचं असायचं. विषय तीन : अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पेशंटचं तोंडही दिसायचं नाही. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन हॉल. एका टेबलाभोवती आम्ही पोरं उभी, एकानं कनिंगहॅमचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं चिमट्यानं नस शोधायची. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे. हात कितीही धुतले तरी मेसमधल्या पोळीला तोच वास. सिनिअरकडून विकत घेतलेला हाडांचा अर्धा सेट माझ्या कॉटखाली ट्रंकेत असायचा. पहिल्यांदा आई भेटायला आली तेव्हा तिनं लाडूचा डबा ठेवायला नेमकी तीच ट्रंक उघडली. त्या रात्री ती खोलीवर राहिली नाही, मामाकडं गेली.

अभ्यास कमी पडला असं नव्हतं. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतूनच झालं होतं, पेपर लिहिता यायचा. पण तोवर मी कुठल्याही जिवंत माणसाशी इंग्रजीत एक पूर्ण वाक्य बोललेलो नव्हतो. तोंडी परीक्षेत हातात स्कॅप्युला आला, म्हणजे खांद्याचं पातं. परीक्षकांनी विचारलं, कुठल्या बाजूचं? उजव्या, हे मला दिसत होतं. का, तेही माहीत होतं. ‘धिस इज’ म्हणालो, परत ‘धिस इज’ म्हणालो आणि तिथंच थांबलो. परीक्षक वाईट नव्हते. त्यांनी पाणी प्या म्हटलं. मी प्यायलो, आणि पुन्हा ‘धिस इज’.

निकालानंतर बरोबरची पोरं पांढरा एप्रन घालून वॉर्डात गेली आणि मी सहा महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेसाठी मागं राहिलो. घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, “फी परत भरायची का?” शाळेत मात्र सांगायची हिंमत झाली नाही. त्या पंधरा ऑगस्टला दहावीच्या मुलांना मार्गदर्शन करायला या, असं सरांचं पत्र आलं. परीक्षा जवळ आलीय, असं उत्तर पाठवलं. खोटं नव्हतं, पण कसली परीक्षा ते लिहिलं नाही. सुट्टीला आलो की एक स्टॉप आधी एस्टीतून उतरायचो आणि बांधाबांधानं घरी जायचो, शाळेवरून जायला नको म्हणून.

त्या सहा महिन्यांत मला भूगोलाच्या बाई उपयोगी पडल्या. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून बोलत नाही. तुम्ही आम्हाला कोऱ्या कागदावर, पुस्तक बंद करून, कृष्णेचं खोरं काढायला लावायचात. चुकलं की परत पहिल्यापासून. मी रोज रात्री तसे रक्तवाहिन्यांचे नकाशे काढायला लागलो. धमन्या म्हणजे उलट्या नद्या, मोठीतून लहान फुटत जाते. शिरा मात्र सरळ आपल्या नद्यांसारख्या, लहान मोठीला मिळते. प्लीहेकडून येणारी शीर आणि आतड्यांकडून येणारी शीर स्वादुपिंडाच्या मागं एकत्र येतात, तिथून यकृताकडं जाणारी पोर्टल व्हेन सुरू होते. म्हणजे कऱ्हाडचा प्रीतिसंगमच की! नकाशा काढून झाला की तो इंग्रजीत मोठ्यानं सांगायचा, भिंतीला. रूममेटनं महिनाभर कानात कापूस घातला. परीक्षेत काठावर पास झालो. काठावरच, उगाच वाढवून सांगत नाही.

पुढं वॉर्डात गेलो आणि पारडं जरा फिरलं. तिथं हिस्ट्री घ्यायची असते, म्हणजे पेशंटला बोलतं करायचं. मुंबईचा माझा एक हुशार मित्र एका शेतकरी आजोबांची हिस्ट्री घेत होता. आजोबा म्हणत होते, “पोटऱ्या भरून येत्यात.” यानं लिहिलं, अशक्तपणा. मी विचारलं, “आबा, कवा भरून येत्यात?” “चालल्यावर. हिरीपासनं बांधापर्यंत गेलं की भरतंय, जरा उभारलो की उतरतंय.” बिडी किती वर्षं ओढता? तर मिसरूड फुटल्यापासनं. पावलावर बोटं ठेवली, नाडी लागेना. पायाची धमनी आत अरुंद झालेली होती. पुस्तकात या दुखण्याला मोठं लांबलचक नाव आहे, पण पुस्तकातलं वर्णन आणि आबांचं वाक्य शब्दाला शब्द जुळत होतं. त्यानंतर मित्र मला बोलवायचा. ठणका वेगळा, चमक वेगळी, कळ वेगळी, हे मी त्याला शिकवलं. बदल्यात त्यानं मला इंग्रजीत केस मांडायला शिकवलं. रोज जेवणानंतर, गच्चीवर. तोंडी परीक्षेला मी परत अडलो नाही.

सरांनी दिलेला स्टेथोस्कोप खरा कामाला आला तो तेव्हा. त्याची रबरी नळी दोनदा बदलली, छातीला लावायचा तुकडा तोच आहे.

यंदा आपल्या शाळेतून गेलेल्या एका मुलीचा नंबर मेडिकलला लागलाय असं कळलं. ती आज इथं आहे. बाळ, कार्यक्रम संपला की मला भेट. हाडांचा सेट मी जपून ठेवलाय, विकत घेऊ नकोस. आणि पहिल्या वर्षी काही अडलं तर एक स्टॉप आधी उतरू नकोस, माझा दवाखाना शाळेच्या स्टॉपसमोरच आहे.

बाई, तुमची ती नकाशावही मी आज मुद्दाम आणलीय. कोयना मी पूर्वेकडून आणून कृष्णेला मिळवली होती. तुमची लाल फुली अजून तशीच आहे.