पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा?



अमेरिकेतील राजकीय देणग्यांची आकडेवारी चाळताना एक कोष्टक हमखास लक्ष वेधून घेते. त्यात देणग्यांची विभागणी परदेशांच्या नावांनी केलेली असते. ब्रिटनखाली बीएई सिस्टिम्स, जपानखाली टोयोटा, बेल्जियमखाली अ‍ॅनहायझर-बुश. हे पाहून कोणीही सहज म्हणेल की, परकीयांनी अमेरिकेचे राजकारण विकत घेतले! तथापि हा निष्कर्ष घाईचा ठरेल.

परकीय नागरिक, सरकारे आणि कंपन्या यांना तेथील निवडणुकीसाठी पैसा देण्यास कायद्याने मनाई आहे. मात्र परकीय मालकीच्या कंपनीची अमेरिकेत नोंदलेली उपकंपनी 'राजकीय कृती समिती' स्थापन करू शकते. या समितीचा निधी मुख्यतः अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून जमतो. वर्गणीदार अमेरिकी नागरिक अथवा कायमचा रहिवासी असावा लागतो आणि देणगीच्या निर्णयात परकीयांनी सहभागी व्हायचे नसते. अशा प्रस्थापित समितीला एका उमेदवारास एका निवडणुकीत फार तर ५,००० डॉलर देता येतात आणि त्याची नोंद संघीय निवडणूक आयोगाकडे होते. म्हणजे कोष्टकातील देशाचे नाव मालकाचे असते. पैसा त्या देशातून आलेला नसतो.

मग धोका नाहीच काय? आहे, पण तो या कोष्टकाबाहेर आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात कंपन्यांना स्वतःच्या तिजोरीतून स्वतंत्र निवडणूक खर्च करण्याची मुभा दिली. त्यानंतर 'सुपर पॅक' नावाच्या समित्या उदयास आल्या. त्यांना देणगीची कमाल मर्यादाच नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियातील, परंतु चिनी नागरिकांच्या मालकीच्या एका कंपनीने जेब बुश यांच्या समर्थक सुपर पॅकला १३ लाख डॉलर दिले. नोंदीत नाव अमेरिकी कंपनीचे. देण्याच्या निर्णयात सहभाग मात्र परकीय मालकांचा. पुढे पत्रकारांनी २०१६ मध्ये हा व्यवहार उजेडात आणला. आयोगाने २०१९ मध्ये कंपनी आणि समिती यांना मिळून ९ लाख ४० हजार डॉलर दंड केला. दंडाची ही रक्कम देणगीपेक्षाही कमी! शिवाय तोपर्यंत ती निवडणूक होऊन दोन वर्षांहून अधिक काळ उलटला होता.

यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जे व्यवहार देशनिहाय कोष्टकात मांडले गेले, ते निदान नागरिकाला तपासता येतात. जेथे देशी नावाआड परकीय मालक दडतो, तेथे नोंद असूनही डोळ्यांस काही दिसत नाही. म्हणून देणग्यांचा कोणताही आकडा समोर आला की आरोळी ठोकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोणाच्या खिशातून आला, तो देण्याचा निर्णय कोणी घेतला आणि कंपनीचा खरा मालक कोण? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कागदावर सापडते; उरलेल्या दोहोंसाठी जागरूक समाजच लागतो.